शेजारचा ब्रेक

शहराच्या शेवटच्या चौकात गाडी गचकन थांबली, आणि ती तिनं थांबवली नव्हती. झालं ते एवढंच. सायकलवाला चांगला लांब होता, पाठीवर पाकिटांची मोठी पेटी घेऊन आपल्याच नादात रस्ता ओलांडत होता, आणि तिनं त्याला पाहिलं होतं. पाहून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला होता, तो ब्रेककडे निघालाही होता, पण तो पोचायच्या आत गाडी एक हिसका देऊन बंद पडली. ती स्टिअरिंगवर पुढे गेली. मागच्या सीटवर भांडी एकमेकांवर आपटली, तंबूची लांबट पिशवी घसरून खाली पडली आणि अंड्यांच्या खोक्यातून एक बारीक, ओला आवाज आला. "मॅडम, नजर लांब ठेवा," सर म्हणाले. रागानं नाही, समोर बघत, हातातला बिस्किटांचा पुडा जिथल्या तिथे धरून. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. तिनं किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि चौक ओलांडला. पायाखाली काय झालं ते दोघांनाही माहीत होतं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, एक क्लच असतो, आणि त्या सीटवर सर बसले होते. सर म्हणजे तिचा नवरा.

नवऱ्याला सर म्हणायचं म्हणजे जरा अतीच, हे तिलाही कळत होतं. पण लग्नाला अजून पंधरवडा झाला नव्हता, आणि त्याआधी वर्षभर ते तिचे सर होते नि ती त्यांची मॅडम. त्यांच्या गाडीत शिकायला बसणारी प्रत्येक बाई मॅडमच असायची, तशीच हीही. नोंदणी कार्यालयात सह्या केल्या, मोजक्या माणसांना जेवू घातलं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर दोघांनाही कळेना की आता हाक काय मारायची. 'अहो' तिच्या जिभेवर बसेना. शेहेचाळिसाव्या वर्षी नव्यानं 'अहो' म्हणायचं म्हणजे नाटक संपत आल्यावर नायिकेचं काम मिळाल्यासारखं. 'अरे' म्हणायला धीर होईना. त्यांनी दोन दिवस तिला नावानं हाक मारून पाहिली, पण नाव घेण्याआधी ते असा काही घसा खाकरायचे, की तिला वाटायचं, आता भाषण होणार. शेवटी सर आणि मॅडम, तुम्ही आणि तुम्ही, असंच राहिलं. वहिनी हसून हसून बेजार झाली होती. "अगं, दार लावल्यावर तरी सर म्हणत नाहीस ना?" तिनं विचारलं होतं, आणि हिला लाजायचंही सुचलं नव्हतं, ही खरंच विचारात पडली होती. 

शहर मागे पडलं. गोदामं गेली, पत्र्याच्या शेड गेल्या, मिठाच्या पांढऱ्या ढिगांची रांग गेली, आणि मग उजाड टेकडीच्या खांद्यावरून समुद्र दिसायला लागला. "आला," सर म्हणाले. "हं," ती म्हणाली. याच समुद्राबद्दल गेला महिनाभर दोघं बोलत होते. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, आवडेल तिथे तंबू ठोकायचा, चांगलंचुंगलं विकत घ्यायचं, स्वतः रांधायचं, पोटभर खायचं. आणि गाडी सबंध रस्ता तिनं चालवायची. सरांनीच कबूल केलं होतं. "मी नुसता बसून बिस्किटं खाणार," असं म्हणाले होते. टपावरची 'शिकाऊ' अशी पाटी त्यांनी आदल्या दिवशी काढून पलंगाखाली ठेवली, दारावरची अक्षरं कागद चिकटवून झाकली. पायाखालची ती दोन पेडलं मात्र तशीच राहिली. ती काढायची तर गॅरेजात जावं लागतं, आणि सोमवारपासून परत शिकवण्या होत्याच. तेव्हा तिलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पेडलं काय, असतात. 

ती कवळ्या करायची. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यात ती प्लास्टर ओतायची, मेणाचं कच्चं काम करायची, दात लावायची आणि कडा घासून घासून बोचणार नाहीत अशा करायची. या कामात तिचा हात धरणारं लॅबमध्ये कुणी नव्हतं. लग्नानंतर शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं विचारलं, कसं वाटतंय, तर ती म्हणाली होती, "नव्या कवळीसारखं. तोंडात पाहुणा येऊन बसलाय." दोघी खूप हसल्या होत्या. कधीकधी डॉक्टर तिला कवळी बसवताना बोलवायचे, तेव्हा ती समोरच्या म्हाताऱ्याला किंवा म्हातारीला बजावून सांगायची, टोचलं तर लगेच सांगा, सोसू नका, आपण घासून देऊ. लोक मान डोलवायचे आणि सांगायचे नाहीत. घरी जाऊन कवळी काढायचे, पाण्याच्या वाटीत टाकायचे आणि मऊ मऊ खाऊन दिवस काढायचे. तिला या लोकांचा फार राग यायचा. सांगायला काय होतं? आता समुद्र डाव्या बाजूनं सोबत येत होता, रस्ता सरळ होता, आणि ती दात आवळून गाडी चालवत होती. सरांनी बिस्किट पुढे केलं, ते तिनं नको म्हटलं. 

नुसत्या ब्रेकचा राग असता तर तो पुढच्या वळणापर्यंत टिकला नसता. पण त्या हिसक्यानं आत कुठेतरी एक खिळा सैल झाला होता. शिकत असताना एकदा एक काळा कुत्रा दोन उभ्या गाड्यांच्या मधून सुसाट रस्त्यात आला होता. तिची गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. कुत्रा निघून गेला. सरांचा पुडा फुटून बिस्किटं त्यांच्या मांडीवर, खाली, दारापाशी पसरली होती, आणि ती झटकत सर म्हणाले होते, "शाब्बास." आईच्या माघारी तिला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. तो कुत्रा तिनं नंतर कितीतरी दिवस जपून ठेवला. भावाला सांगितला, लॅबमध्ये सांगितला, रात्री झोप येईना तेव्हा स्वतःला सांगितला. या वयात कशाला गाडीबिडी, असं म्हणणाऱ्या भावाला तो कुत्रा तिनं जवळजवळ तोंडावर फेकला होता. आणि आता तिला वाटत होतं, तो कुत्रा तरी माझा होता का? गाडी मी थांबवली, की शेजारून थांबवली गेली? परीक्षेत ती दुसऱ्या खेपेला पास झाली, पण परीक्षेलाही शेजारी साहेब बसलेले होते, आणि साहेबांनाही पाय होते. एकटीनं अशी ती गाडी कधी चालवलीच नव्हती. म्हणजे चालवता येतं की नाही हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, तिला तर नाहीच. 

आणि हे काही गाडीपुरतं नव्हतं. आई होती तोवर तिच्या हातून दूध कधी उतू गेलं नाही. ती शेगडीपाशी उभी असायची, दुधावर साय जमायची, कडेनं बुडबुडे यायचे, साय फुगायला लागायची, आणि मागून आईचा हात यायचा नि गॅस बंद व्हायचा. "लक्ष कुठे असतं तुझं?" आई म्हणायची, मायेनंच. लक्ष तिथेच असायचं. ती कपात चहा ओतायला लागली की आईचा तळवा कपाखाली यायचा. आई आजारी पडली, अंथरुणाला खिळली, तरी पलंगावरून हात हवेत उचलायची, हिच्या हातातलं भांडं पडेल म्हणून. त्या हातावर राग धरायचा म्हणजे पाप. तिनं कधी धरलाही नाही. आई गेल्यावर घर एकदम मोकळं झालं, आणि त्या मोकळ्या स्वयंपाकघरात ती दुधापाशी बटणावर हात ठेवून उभी राहायची. म्हणजे आईच्याच जागी. दूध अजूनही उतू जात नव्हतं. गाडी शिकायचं तिच्या डोक्यात आलं ते त्याच दिवसांत, आणि का आलं ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. आता, समुद्र बघत, तिला कळलं. जिथे मागून हात येणार नाही अशी एक जागा तिला हवी होती, आणि तिनं जगातली नेमकी अशी गाडी निवडली होती, जिच्यात दुसरा ब्रेक बसवलेला असतो. वर त्या ब्रेकवाल्याशी लग्नही केलं. हे तिला इतकं हसू आणणारं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. 

"डोळ्यांत काही गेलं का?" सरांनी विचारलं. त्यांचं लक्ष असायचंच. 

"वारा लागतोय," ती म्हणाली आणि काच वर केली.

दुपारी बंदराजवळच्या एका खानावळीत थांबले. लाकडी बाकं, प्लास्टिकचं कापड घातलेली टेबलं, फळ्यावर खडूनं आज काय आलंय ते लिहिलेलं. सरांनी तिला विचारून, अगदी नीट विचारून, तळलेला मासा मागवला, सोबत भाजलेला पाव, लिंबू, कच्चा कांदा. मासा असा खरपूस होता की काट्याजवळचं मांस आपोआप सुटत होतं. सर पहिल्या घासाला डोळे मिटतात हे तिला एव्हाना माहीत झालं होतं. साठीला टेकलेला माणूस, भुवयांचे केस पांढरे, आणि घास घेताना शाळकरी पोरासारखा चेहरा. दुसरा कुठला दिवस असता तर ते बघून ती विरघळली असती. त्यांनी मधल्या काट्यापासूनचा चांगला तुकडा काढून तिच्या ताटात ठेवला, आणि मग बोटांनी चाचपून त्यातला एक राहिलेला बारीक काटाही काढला. ती त्या बोटांकडे बघत राहिली. "काटे मला काढता येतात," ती म्हणाली. सर हसले. "येतात हो," म्हणाले, आणि पुढचा तुकडा काढायला लागले. 

खाल्ल्यावर ती म्हणाली, "तुम्ही चालवा थोडा वेळ, मला सुस्ती आलीय." सुस्ती कसली. तिला ती सीट बघायची होती. वर्षभर शेजारी असून त्या जागेवर ती एकदाही बसली नव्हती. बसली आणि पाय आधी मांडीखाली घेतले, गरम काहीतरी असल्यासारखे. मग चप्पल काढून हळूच एक पाय सोडला. क्लचचं रबर खडबडीत होतं, रेघा हाताला लागाव्यात तशा तळव्याला लागत होत्या. ब्रेकचं रबर मधोमध गुळगुळीत. तिनं अंगठ्यानं चाचपलं. घासून घासून पार तुकतुकीत झालेलं, एका कडेला तर खालचं लोखंड लागत होतं. झीज वाचणं हे तिचं कामच. दाताची झीज बघून ती सांगायची की हा माणूस रात्री दात खातो, ही बाई एकाच बाजूनं चावते. ब्रेक असा झिजलाय आणि क्लच तसाच आहे, याचा अर्थ काय ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. हा पाय सारखा इथे होता. प्रत्येक वळणाला, प्रत्येक सिग्नलला. कुत्र्यालाही. सर शांतपणे गाडी चालवत होते, एक हात खिडकीत, कसलीशी शीळ घालत, आणि किनारा वळणं घेत सुंदर होत चालला होता. खडक, मग वाळू, मग परत खडक, मध्येच उलट्या टाकलेल्या रंगीत होड्या. ती हे सगळं बघत होती. आपलं म्हणावं असं काहीच आपल्या पदरी नाही, एक साधा कुत्रासुद्धा नाही, असं तिला वाटत होतं. 

तंबूची जागा मात्र सरांनी झकास शोधली. खडकाच्या आडोशाला वाळूचा छोटा तुकडा, वारा अडलेला, जवळच गोड्या पाण्याचा नळ. उन्हं उतरायला लागली होती. दोघांनी मिळून तंबू उभा केला. तिनं खुंट्या ठोकल्या, त्यांनी दोऱ्या ताणल्या, आणि एकदाही तिच्या खुंट्या त्यांनी तपासल्या नाहीत, की तपासल्या, ती बघत नव्हती तेव्हा? असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस वाटली. सरांनी वाटेत विकत घेतलेली कोळंबी सोलायला घेतली. काटक्यांचा जाळ करून बटाटे राखेत पुरले. लसूण ठेचली, लोण्याचा गोळा काढला, मिरी कुटली. या माणसाला खायला घालायला फार आवडतं, हे तिला लग्न ठरतानाच कळलं होतं. परीक्षा पास झाली त्या दिवशी परवाना कार्यालयाच्या पायऱ्यांवर ते म्हणाले होते, "आता मी तुमचा सर नाही, म्हणून विचारतो." आणि मग विचारलं काय, तर माझ्याकडे जेवायला याल का. लग्नाचं पुढे महिन्याभरानं, लसूण सोलता सोलता. 

"आधी कॉफी करू का?" ती म्हणाली. तिनं छोटी शेगडी वाळूत घट्ट बसवली, पातेलं ठेवलं, दूध ओतलं. उकिडवी बसून बघत राहिली. कडेनं बुडबुडे आले. साय जमली, थरथरली, मधून फुगायला लागली. आणि कोळंबी सोलणारा एक हात, लसणीचा वास येणारा, तिच्या समोरून आला आणि शेगडीचं बटण खाली झालं. 

"असू दे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "उतू जाऊ दे." 

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं बटण परत मोठं केलं. दूध वर आलं, क्षणभर पातेल्याच्या काठावर उभं राहिलं, आणि मग सगळ्या बाजूंनी खाली गेलं. ज्योत फुरफुरली, पिवळी झाली, विझली. जळक्या दुधाचा वास सुटला. वाळूनं दूध पिऊन टाकलं आणि एक गोल, ओला डाग राहिला. ती त्या डागाकडे बघत बसली. एवढंच असतं होय, तिला वाटलं. 

"सकाळचं आहे का हे?" सरांनी विचारलं. त्यांनी हात धुतले नव्हते, ते तसेच पुढे धरून बसले होते. 

"मी शिकत होते तेव्हा तुम्ही किती वेळा दाबलात? खरं सांगा." 

"ब्रेक?" ते विचार करायला लागले. विचारलेल्या प्रश्नाचा ते खरंच विचार करत, हा त्यांचा एक गुण होता. "पहिल्या आठवड्यात दाबला असेल एकदोनदा. तुम्ही भिंतीवर घालत होतात. नंतर नाही." 

"रबर झिजलंय." 

"झिजणारच. ती गाडी किती वर्षं चालतेय. माझ्याकडे लोक काय फक्त तुम्हीच आलात?" ते जरासे हसले आणि तिचा चेहरा बघून थांबले. "तुम्ही काय, ते रबर बघितलंत? म्हणून चालवायला दिलीत मला?"

तिला कानामागे गरम झालं. वर्षानुवर्षं कोण कोण त्या गाडीत शिकून गेलं असेल, घाबरट, आडदांड, झोपाळू, आणि त्या सगळ्यांची झीज तिनं आपल्या एकटीच्या नावावर लावली होती. लॅबमध्ये कुणी अशी चूक केली असती तर तिनं त्याला सोडलं नसतं. तरी ती मागे हटली नाही. "आणि कुत्रा?" तिनं विचारलं. 

"कुठला कुत्रा?" 

"काळा. तुम्ही शाब्बास म्हणालात." 

"हां, तो. माझी बिस्किटं सांडली होती." सरांनी लसणीचे हात गुडघ्यांना पुसले. "मॅडम, एक सांगतो. ज्याचा पाय ब्रेकवर असतो तो पुढे जात नाही. त्याला माहीत असतं, गाडी थांबणार. पुढे जातो तो दुसरा. तेव्हा माझा सगळा पुडा मांडीवर सांडला होता. आज कोण पुढे गेलं?" 

आज पुडा त्यांच्या हातात जिथल्या तिथे होता. ती स्टिअरिंगवर गेली होती. 

"कुत्रा तुमचा," सर म्हणाले. "सगळंच तुमचं. आजचं तेवढं माझं. आणि आज मी गाडी बंद पाडली. शिकवताना मी कधी गाडी बंद पाडली का? क्लच-ब्रेक जोडीनं दाबायचा, हे मी लोकांना शिकवतो. आज पाय नुसता गेला, मला न विचारता." 

"का पण?" 

सर बराच वेळ राखेतले बटाटे काटकीनं फिरवत राहिले. त्यांची मुलगी लग्नाच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाली होती, बाबांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली, मला नाही शिकवली, मी दुसऱ्या क्लासात जाऊन शिकले. सगळे हसले होते, सरही हसले होते. आता तेच ते परत सांगायला लागले, न हसता. "एक दिवस शिकवली मी तिला. सबंध वेळ पाय ब्रेकवर. ती रडली, मी ओरडलो. मग दुसरीकडे पाठवली. परक्याच्या शेजारी मला भीती वाटत नाही. आपलं माणूस गाडी चालवायला बसलं की पाय ऐकत नाही माझा. तुम्ही मॅडम होतात तोवर ठीक होतं." त्यांनी काटकी राखेत टोचली. "तिची आई गेली ना, दवाखान्यात. ते चार महिने मी शेजारी बसून होतो. रोज. तिथे माझ्या पायाखाली काहीच नव्हतं." 

तिचा राग विरघळत होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. हे सगळं ओळखीचं होतं. असंच व्हायचं. आईचा हात मागून यायचा, ती रागावायची, मग हातावरच्या शिरा दिसायच्या आणि रागाचं पाणी व्हायचं. जन्मभर तिचा राग असा प्रेमात बुडून मेला होता. त्यांच्याजवळ सरकावं, त्यांचा तो लसणीचा हात हातात घ्यावा, जाऊ द्या म्हणावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं, आणि तिनं स्वतःला जागच्या जागी धरून ठेवलं. टोचलं तर लगेच सांगा, सोसू नका. 

"मला नको आहे ते," ती म्हणाली. "तुमची काळजी नको असं नाही. पण तो पाय नको. माझ्या आईनंही जन्मभर हेच केलं. प्रेमानंच केलं. आणि मी शेहेचाळीस वर्षांची झाले तरी मला माहीत नाही, मी कुठे थांबले असते." 

सरांनी मान हलवली. "उद्या पाय वर घेऊन बसतो. मांडी घालून." 

"ब्रेक तिथेच असेल. मला माहीत असेल की तुम्ही मांडी आवळून बसलाय." 

"तेही खरं," ते म्हणाले. आणि काही सुचेना म्हणून त्यांनी तवा ठेवला, लोणी सोडलं, त्यात लसूण टाकली. वास असा पसरला की भांडण चालू ठेवणं दोघांनाही कठीण झालं. कोळंबी गुलाबी झाली, आखडली, लिंबाबरोबर चुरचुरली. बटाटे फोडून त्यात लोणी घातलं. तिला भूक लागली होती, चांगली सपाटून. दोघं एकाच तव्यातून खात होती, बोटं भाजून घेत, आणि एकदा सरांचा हात कोळंबीचं राहिलेलं शेपूट काढायला तिच्या तुकड्याकडे गेला आणि मध्येच हवेत थांबला. ते दोघांनीही पाहिलं. हात परत गेला. शेपूट तिनं स्वतः काढलं. 

सकाळी ती नळावर भांडी घासून आली तेव्हा सर गाडीशी काहीतरी खटपट करत होते. तंबूची लांबट पिशवी त्यांनी शेजारच्या सीटवर उभी केली होती आणि तिला पट्टा लावला होता, पोटावरून नीट. मागच्या सीटवर भांड्यांना एका बाजूला रेटून त्यांनी स्वतःपुरती जागा केली होती. तिच्याकडे न बघता ते मागचं दार उघडून आत शिरले. त्यांचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते. मांडीवर त्यांनी अंड्यांचं खोकं घेतलं, त्यातली फुटलेली सकाळी खाऊन झाली होती आणि धड होती ती उरली होती. पायापाशी तवा, शेगडी, बटाट्यांची पिशवी. "इथे काही नाही," ते म्हणाले. "सगळीकडे बघितलं." 

ती हसली नाही. तिला हसू आलं असतं तर रडूही आलं असतं. ती बसली, आरसा सारखा केला, आणि आरशात आधी त्यांचा चेहरा आला, मग तिनं तो मागच्या रस्त्यावर नेला. शेजारी तंबू बसला होता, बिनपायांचा. इतकी मोकळी जागा तिच्या बाजूला कधी नव्हती. गाडी वाळूतून डांबरावर आली. सकाळच्या उन्हात रस्ता किनाऱ्याला धरून चढत होता, उतरत होता. भीती होती. पण ती तिची स्वतःची होती, कुणाच्या पायाची नव्हती. ती चुकतही होती. एका चढाला गिअर उशिरा बदलला, गाडी कण्हली. मागून कुणी काही बोललं नाही. बोलण्याच्या बेतात असलेल्या माणसाचा श्वास तेवढा ऐकू आला. 

खाली कोळ्यांची वस्ती होती, आणि तिच्या अलीकडच्या वळणावर रस्त्यात होडी आली. दोन माणसं एक छोटी होडी उलटी करून डोक्यावर घेऊन शेडमधून वाळूकडे निघाली होती. त्यांची डोकी होडीत होती, बाहेर नुसते चार पाय, आणि त्या पायांना येणारी गाडी दिसण्याचा काही प्रश्नच नव्हता. तिनं पाहिलं. पाय उचलला, ब्रेक दाबला, मग क्लच, आणखी थोडा ब्रेक. गाडी झुकली आणि शांतपणे उभी राहिली. बंद पडली नाही. इंजिन धुकधुकत होतं, तिच्या छातीसारखंच. तंबूची पिशवी पट्ट्यात जराशी पुढे झाली आणि मागे टेकली. आणि त्याच वेळी मागून तव्याचा ठण्ण असा आवाज आला. 

तिनं आरसा खाली केला. सर अंड्यांचं खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते, आणि त्यांचा उजवा पाय तव्यात होता. 

"दाबलात?" तिनं विचारलं. 

"दाबला," ते म्हणाले. 

"मग?" 

ते पायाखालच्या तव्याकडे बघत होते. मग त्यांनी वर पाहिलं, तिच्या डोळ्यांत, आरशातून, आणि घसा न खाकरता म्हणाले, "काही नाही. तूच थांबवलीस." 

होडीखालचे चार पाय रस्ता ओलांडून वाळूत उतरले. तिनं पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. 

"अंडी फुटली का बघ जरा," ती म्हणाली. 

खोक्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "एकही नाही," तो म्हणाला.